मागे धरलेला आरसा

हिलालआबांनी ओट्यावर पाट मांडला, पंचा खांद्यावर टाकला आणि भिंतीला पाठ लावून ते बसले. बुधवार होता. एक बुधवार सोडून दुसऱ्या बुधवारी जीवराम न्हावी धोकटी घेऊन यायचा, भिकुबाई पितळी वाटीत पाणी आणून ठेवायची आणि आबांची दाढी आणि केस व्हायचे. चाळीस वर्षांत यात खंड पडला नव्हता. धाकट्या मुलीच्या लग्नाच्या सकाळीही पडला नव्हता.

ऊन दुसऱ्या पायरीवर आलं. वाटीत एक माशी पडली. भिकुबाई दारात येऊन उभी राहिली.

"तो आते घर येत नई," ती म्हणाली. "स्टँडवर दुकान टाकेल शे त्यानी. बठ्ठासले सांगी राहिना, दुकानवर या."

हे आबांना ठाऊक नव्हतं असं नाही. गावाला ठाऊक होतं ते त्यांनाही होतं. पण नियम हे दुसऱ्यांसाठी असतात, या एका गोष्टीवर त्यांचा लहानपणापासून विश्वास होता. त्यांनी पंचा फेकला, टोपी डोक्यावर दाबली आणि स्टँडचा रस्ता धरला.

जीवरामचं दुकान म्हणजे एक गाळा. समोर आरसा, आरशासमोर उंच पाठीची लाकडी खुर्ची आणि मागच्या भिंतीला लागून चौघांचं बाकडं. बाकड्यावर बसलं की पुढच्याची पाठ आणि मानगूट तेवढं दिसे. खुर्चीत बसलेला माणूस होता अभिमन, आबांच्याच मळ्यातला सालदार. मालकाला पाहून तो साबणाच्या तोंडानं उठू लागला, तर जीवरामनं खांदा दाबून त्याला बसवलं.

"बठा आबा," तो म्हणाला. "या दोन जन व्हयनात का तुमना नंबर."

आबांनी बाकड्याकडे पाहिलं नाही. भिंतीवरच्या खिळ्याकडे पाहिलं. तिथं चाळीस वर्षांची जुनी कातडी धोकटी टांगलेली होती.

"मना घर येवाले तुले काय व्हयनं, जीवऱ्या?"

"मी आते कोनाच घर जात नई, आबा. गुडघा बी थकनात, आनी मन बी."

आवाज मवाळ होता, पण त्यात माघार नव्हती. आबांना तेच झोंबलं. समोरच्या लोटनच्या चहाच्या टपरीवरचे लोक माना वळवून पाहत होते, आणि लोक पाहत असले की आबांना गप्प बसणं जमत नसे.

"तुले मांगलं कापता येत नई!" ते ओरडले. "चाळीस वरीस व्हयनात, दर टाइमले मांगे झुपका राही जास. मी व्हतो म्हनीसन सहन करं. न्हावीना उकिरडा उकरा तं केसच निघतस, दुसरं काय निघी? या बाकडावर मी बठाव नई. डोकाले जटा व्हयन्यात तरी बठाव नई."

जीवरामचा वस्तरा अभिमनच्या गालावर थांबला. त्यानं आरशातून आबांकडे पाहिलं. ओठ हलले, असं टपरीवरच्या लोटननं नंतर सांगितलं. पण बोलला तो एवढंच:

"अभिमन, मान वर कर."

गावात दुसरा न्हावी नव्हता. तीन आठवड्यांत आबांचे केस कानांवर आले आणि टोपी वर उचलली जाऊ लागली. लोटन रोज विचारायचा, "आबा, जटा व्हयन्यात का?" सुंभ जळेल पण पीळ जाणार नाही, हे लोटनलाही माहीत होतं. म्हणून तर तो विचारायचा. शेवटी आबांनी सकाळची एसटी धरली आणि धुळ्याला गेले.

बैल निवडणाऱ्या माणसाला सलून निवडणं काय अवघड? पहिल्या सलूनमध्ये पोरं सिनेमाची मासिकं चाळत बसली होती. आबा दारातूनच परतले. दुसऱ्यातल्या कारागिराचे स्वतःचेच केस खांद्यापर्यंत वाढलेले होते. ज्याला आपलं डोकं सांभाळता येत नाही तो दुसऱ्याचं काय सांभाळणार? तिसरं आग्रा रोडवर होतं. काचेचं दार, वर पंखा, गोल फिरणारी खुर्ची, आणि मुख्य म्हणजे आत एकही गिऱ्हाईक नव्हतं. इथं थांबावं लागणार नव्हतं. आबा आत गेले.

"या काका, बसा," कारागीर म्हणाला. "कसे कापू?"

"बारीक. आनी मांगला झुपका बठ्ठा काढी टाक."

खुर्ची मऊ होती. कात्रीचा आवाज ऐकत आबांनी पुढचा बेत आखला. एसटीतून उतरायचं ते थेट लोटनच्या टपरीवर. टोपी काढून मांडीवर ठेवायची आणि जीवरामच्या दुकानाकडे पाठ करून चहा प्यायचा. सावकाश, दोन कप. बघ म्हणावं, मागचं असं कापतात.

कारागिरानं मान पुसली. मग खणातून एक हातआरसा काढला आणि आबांच्या डोक्यामागे धरला.

"बघा काका. मागून बरोबर आहे?"

पासष्ट वर्षांत आबांनी आपलं मागचं डोकं कधी पाहिलं नव्हतं. कोण पाहतो? समोरच्या आरशात त्यांना एक परकं मानगूट दिसलं, सुरकुतलेलं, काळं. आणि त्याच्या वर, डाव्या कानामागे, तळहाताच्या खळग्याएवढा पांढरा फटक डाग.

"साबन राहिना तठे. पुस."

कारागिरानं पुसलं. डाग राहिला. त्यानं आरसा खाली घेतला आणि दुकानात कोणी नसतानाही आवाज हळू केला.

"साबण नाही काका. कोड आहे. जुनं दिसतं. तुम्हाला माहीत नव्हतं?"

आबांनी टोपीकडे हात नेला.

"तुमचा आधीचा कारागीर हुशार माणूस. वरचे केस लांब ठेवून बरोबर त्याच्यावर पाडले होते. मी आपला झुपका समजून कापून बसलो."

परतीच्या एसटीत आबा खिडकीशी बसले. टोपी त्यांनी कानांपर्यंत ओढली होती. त्यांना चार मुली. चारही वेळा सोयरे आधी गुपचूप गावात आले होते आणि रीतीप्रमाणे पहिल्यांदा न्हाव्याकडे गेले होते. घराणं कसं, माणूस कसा, घरात कोणाला कोड वगैरे तर नाही ना? न्हाव्याचा हात घराघरातल्या डोक्यांवरून फिरतो, त्याला विचारायचं नाही तर कोणाला? एक शब्द बाहेर गेला असता तर चारही पोरी घरात बसल्या असत्या. आणि तो मळकट पाट! जीवराम दर वेळी तो भिंतीला टेकवूनच मांडायला लावायचा. रस्त्यानं जाणाऱ्याला आपलं तोंड दिसावं म्हणून, असं आबा इतकी वर्षं समजत होते.

भर स्टँडवर त्यांनी त्याचं जगणं उकिरड्यात काढलं, तेव्हा एका वाक्यात त्याला आबांना गप्प करता आलं असतं. तो म्हणाला, अभिमन, मान वर कर. आबांना लाज वाटली. मग लाज वाटली याचा राग आला. कोणी सांगितलं होतं याला उपकार करायला? पण तो राग गाव येईपर्यंतही टिकला नाही. टपरीवर न थांबता ते घरी गेले.

भिकुबाई तांदूळ निवडत होती. आबांनी तिच्यापुढे पाठ करून टोपी काढली.

"कापी टाकं ना," ती म्हणाली.

"तुले माहीत व्हतं?"

"चाळीस वरीस तुमना डोकाले तेल मी चोळस. मना डोळा फुटेल शेतस का?"

"मंग सांगं काबरं नई?"

भिकुबाईनं सुपातला एक खडा उचलून अंगणात टाकला.

"जीवराम बोलना, आबाले सांगू नका. सांगं तं आबा टोपी काढीसन गावभर दखाडत फिरतीन. चार पोरी शेतस, वयनी."

 आबा मागच्या दारी जाऊन चूळ भरून आले. 

पुढच्या बुधवारी त्यांनी पाट मांडला नाही. पंचा घेऊन ते स्टँडवर गेले. लोटननं टपरीतून हाक मारली, "आबा, जटा कथी गयात?"  आबा थेट दुकानात शिरले आणि बाकड्यावर बसले. अभिमन शेजारी होता. तो चटकन उभा राहिला.

"तुमी जा आबा पहिले."

"बठ. तुना नंबर शे."

टपरीवरची चार माणसं ग्लास हातात घेऊन दाराशी आली. असा तमाशा गावात रोज होत नाही. अभिमनची दाढी झाली. आणखी एकाची झाली. आबा गुडघ्यांवर हात ठेवून, शाळेतल्या पोरासारखे सरळ बसून होते. मग जीवरामनं फडकं झटकलं.

"या आबा."

आबा खुर्चीत बसले. जीवराम बाकडं आणि खुर्ची यांच्या मधोमध येऊन उभा राहिला आणि त्यांच्या कानाशी वाकला.

"दाढीच करनी ना? टोपी राहू द्या."

"चारी पोरी नांदी राहिन्यात," आबा म्हणाले. त्यांचा आवाज दारापर्यंत जाईल एवढा होता. "आते मी कोनले भ्याऊ?"

त्यांनी टोपी काढली आणि हात लांबवून खिळ्याला, धोकटीच्या वर अडकवली.  लोटनच्या हातातला ग्लास तसाच राहिला.

"मी अठेच बोलनू व्हतू का याले मांगलं कापता येत नई," आबा आरशातून सगळ्यांकडे पाहत म्हणाले. "दखी ल्या, चाळीस वरीस यानी काय झाकं ते. दुसरानी एक दिवसमा उघडं पाडं."

मग त्यांनी आपण होऊन मान खाली घातली.

जीवरामचा हात सवयीनं त्यांच्या डाव्या कानामागे गेला, वरचे केस ओढून खाली पाडायला. ओढायला केस नव्हते. हात तिथंच थांबला. डागावर, सगळा पसरून.

"हात काढ, जीवराम," आबा खाली पाहतच म्हणाले. "दखू दे त्यासले."

जीवरामनं थोडा वेळ जाऊ दिला. मग हात काढला आणि वाटीतल्या पाण्यात ब्रश बुडवला.