एकोणीस ब्रेकर

आमच्या मार्गावर एकोणीस ब्रेकर होते. सरकारदरबारी त्यांना गतिरोधक म्हणतात. पण आमच्या बसची गती रोखायला त्यांची कधी गरज पडली नाही, ते काम तिचं इंजिन चोख करत असे. मी कंडक्टर. पुढे स्टिअरिंगवर माझा पायलट. बावीस वर्षांत त्याच्या हातून कोंबडीसुद्धा मेली नव्हती. डेपोने त्याबद्दल त्याला प्रमाणपत्र दिलं होतं आणि त्यावर दुसऱ्याच ड्रायव्हरचा फोटो चिकटवला होता.

एका मंगळवारी शाळेजवळचा ब्रेकर ओलांडला आणि त्याने आरशातून माझ्याकडे पाहिलं.

"मास्तर, चाकाखाली कोणी आलं का?"

मी मागच्या काचेतून पाहिलं. रस्ता मोकळा.

"कोणी नाही. ब्रेकर होता."

"नीट बघितलंस ना?"

"बघितलं रे बाबा. घे पुढं."

एवढंच. असं कुणीही विचारतं. पण परतीच्या फेरीत त्याने पुन्हा विचारलं, मी पुन्हा सांगितलं. महिना उलटेपर्यंत असं झालं की, गाडी ब्रेकरवरून उतरली की तो विचारायचा आणि मी तिकीट फाडता फाडता "कोणी नाही" म्हणायचो. नव्या प्रवाशांना वाटायचं, खात्याची काहीतरी सूचना असेल. रोजचे एक आजोबा तर माझ्याआधीच म्हणायला लागले. गर्दीत मला वळता आलं नाही तर त्यांचं म्हणणं चालेल का, असं मी पायलटला विचारलं. तो गंभीरपणे म्हणाला, "त्यांना मोतीबिंदू आहे."

मी हसण्यावारी न्यायचो. खरं सांगायचं तर छातीही फुगायची. एवढी मोठी गाडी माझ्या दोन शब्दांवर चालते!

मग ते दोन शब्द पुरेनात. ड्यूटी संपली की तो सायकल काढून सगळा मार्ग पुन्हा फिरू लागला. पेपरात अपघाताची बातमी शोधायचा. आमची बस जिथे जात नाही तिथली असली तरी तीनदा वाचायचा. जेवण तुटलं. एका सकाळी वहिनी, म्हणजे त्याची बायको, माझ्या दारात उभ्या.

"भावजी, काल हे रस्त्यावर पालथे पडून ऑइलचा डाग हुंगत होते. लोक जमले. मी म्हटलं, किल्ली हरवलीय. तर चार जण किल्ली शोधायला लागले हो."

"मी समजावतो त्याला."

"समजावू नका. समजावून समजावून घसा बसलाय माझा. दवाखान्यात चला."

सरकारी दवाखान्यात मनाचा विभाग हाडांच्या विभागामागे होता. पाटीवरचा बाण भिंतीकडे बोट दाखवत होता. डॉक्टरीणबाईंनी त्याचं तासभर ऐकून घेतलं, मग त्याला बाहेर बसवून मला आत बोलावलं.

"तुम्ही त्यांना दिवसातून किती वेळा सांगता?"

"शहात्तर," मी अभिमानाने म्हणालो. "सुट्टीच्या दिवशी फोनवरचे वेगळे."

"ते बंद करा."

"अहो, मरेल तो!"

"मरणार नाहीत. मरतोय असं वाटेल त्यांना. तुम्ही सांगितलंत की घटकाभर बरं वाटतं, मग तेवढ्या बरं वाटण्यासाठी शंका पुन्हा येते, जास्त जोरात. गोळ्यांना महिना-दीड महिना लागेल. तोवर आणि नंतरही उत्तर द्यायचं नाही. चिडायचं नाही. फक्त सोबत राहायचं."

"आणि गाडी?"

"चालवू द्या. त्यांच्या हातून काही होणार नाही. हे तुम्हाला सांगतेय, त्यांना नाही."

बाहेर आल्यावर पायलटने माझा हात धरला. मी उत्तर द्यायचं नाही, हे डॉक्टरीणबाईंनी त्यालाही सांगितलं होतं. "मास्तर, मी पाया पडलो तरी सांगू नको."

"नाही सांगणार."

सोमवारी सकाळी पहिला ब्रेकर डेपोच्या फाटकातच. "मास्तर?" मी तिकिटं मोजली. दुसऱ्यावर पुन्हा. तिसऱ्यावर त्याची मान घामाने चमकत होती. चौथ्यानंतर त्याने भररस्त्यात बस थांबवली.

"सांग."

मी पिशवीतली चिल्लर मोजायला घेतली.

"एकदाच. उद्यापासून नको सांगू."

"सांगा की हो मास्तर, उशीर होतोय," एक बाई म्हणाल्या. आजोबांनी तोंड उघडलं, तसा मी त्यावर हात ठेवला. प्रवाशाच्या तोंडावर हात ठेवला तर निलंबन होतं. पण दोनच हात असतात माणसाला, सगळ्या बसची तोंडं कशी झाकणार? मागून एका टवाळाने आवाज टाकला, "आहे की! हात हलतोय अजून!"

सगळी बस हसली. पायलट उतरला, मागच्या चाकांपाशी आधी गुडघ्यांवर बसला, मग पोटावर आडवा झाला. मागे हॉर्न सुरू झाले. मी खाली जाऊन त्याच्याजवळ बसलो. त्याचा गाल डांबराला टेकला होता.

"दया येत नाही का रे तुला?"

येत होती. इतकी येत होती की दात घट्ट आवळावे लागले.

"बावीस वर्षं एका डब्यात जेवलो आपण."

मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. त्याने तो झटकला, किल्ली माझ्या मांडीवर टाकली आणि रस्त्याच्या अगदी कडेने, मागे बघत बघत चालता झाला.

खात्याने त्याला हलकं काम दिलं: टायर विभागात. उतरवलेल्या टायरांचे नंबर लिहायचे. खात्याला विनोदबुद्धी नसते असं कोण म्हणतं? तो एक नंबर लिहायचा आणि टायरच्या प्रत्येक खाचेत बोट घालून बघायचा. बस सुटली म्हणून सुटका झाली नाही. आता चालताना आपला कुणाला धक्का लागला का, ही शंका. आजार बसमधून उतरून पायी चालायला लागला होता.

माझ्याशी तो बोलेना. "तुमचं नाव काढलं की ताट सरकवतात," वहिनी म्हणाल्या. तरी दर गुरुवारी मी दवाखान्यात जायचो आणि त्या दोघांशेजारी बाकावर बसायचो. सोबत राहायचं काम मला सोपं वाटलं होतं. त्यात तिकीट फाडायला नसतं, बेल मारायला नसते. हात कुठे ठेवायचे तेच कळत नाही.

सातव्या गुरुवारी कुबडी घेतलेली एक बाई समोरून गेली. त्याने पाय आत ओढले. ती वळणाआड गेली आणि सात आठवड्यांत पहिल्यांदा तो माझ्याकडे वळला.

"मास्तर, त्यांना माझा पाय लागला का?"

वहिनींनी डोळे मिटले. मी समोरच्या भिंतीकडे पाहत राहिलो.

"पडल्या असतील का रे पुढं जाऊन?"

तो उठला, दोन पावलं गेला आणि कॉरिडॉरच्या मधोमध थांबला. तिथून वळण चार हातांवर होतं. त्याचे ओठ हलत होते. तो वळणापलीकडे बघायला गेला नाही आणि परतही आला नाही. लोक त्याला वळसा घालून जात होते, आणि जाणाऱ्या प्रत्येकाला बघून तो आणखी आकसत होता.

मी उठलो आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून शेजारी उभा राहिलो. या वेळी त्याने हात झटकला नाही. मात्र तो धरलाही नाही.

आमचा नंबर यायला अजून अकरा जण होते.