बसलेल्या बाईची उंची

सात रस्त्याच्या कोपऱ्यावर माझा चेहरा दहा फूट उंच टांगलेला होता. माझ्या वडिलांच्या, अप्पांच्या, व्यापारी मित्रांनी सोमवारीच तो फ्लेक्स लावला होता: ‘कु. सिद्धेश्वरी हिची नेदरलँड्स येथे इंडस्ट्रियल डिझाइनच्या उच्च शिक्षणासाठी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन.’ खाली सात शुभेच्छुकांचे फोटो, सगळे माझ्यापेक्षा गंभीर. ऊन असं की चार दिवसांत माझे गाल निळसर पडले होते. सिग्नलला स्कूटर थांबली की मी मान खाली घालत असे.

निवड पुरती झालेली नव्हती. प्रवेश मिळाला होता, शिष्यवृत्ती नव्हती. आणि तिच्यावाचून तो प्रवेश म्हणजे नकाशावरचं पाणी. निळं दिसतं, ओंजळीत येत नाही. निवड समितीला शेवटची एक गोष्ट हवी होती: मी घडवलेली वस्तू ज्यांच्यासाठी घडवली ती माणसं ती वापरत आहेत, अशी दोन मिनिटांची फिल्म. शुक्रवार, आपल्याकडचे संध्याकाळचे सहा. त्याच शुक्रवारी, त्याच सहा वाजता, अहमदाबादच्या संस्थेतली माझी जागा स्वीकारण्याची मुदत संपत होती; ती स्वीकारताना बाकीचे अर्ज सोडल्याचं लिहून द्यायचं होतं. दोन दारं एकाच बिजागरीवर बसवलेली असावीत, तसं. एक उघडलं की दुसरं मिटणार.

अहमदाबादची जागा मला परीक्षेवर मिळाली होती: तीन तास, मातीचा एक गोळा आणि एक प्रश्न. नेदरलँड्सची मिळाली होती ती एका टेबलावर.

माझी आत्या अक्कम्मा शहराच्या कडेला शेळगीत कडक भाकरीचं केंद्र चालवते. पत्र्याच्या लांबट खोलीत सहा बायका सकाळपासून ज्वारीच्या भाकरी थापतात, भाजतात आणि निखाऱ्याच्या धगीला लावून पापडासारख्या खणखणीत करतात. त्यांतल्या सर्वांत वडील केराबाई, सांगोल्याकडच्या. उठताना त्या भिंतीला हात लावायच्या आणि गुडघ्यातून असा एक आवाज यायचा की खोलीतलं बोलणं क्षणभर थांबायचं. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षी तो आवाज माझ्या कानात राहिला. जमिनीवर बसणंच टळलं तर? मी वही-टेप घेऊन आले, सहाही जणींची मापं घेतली आणि त्यांतून एक टेबल काढलं. उभ्यानं थापायचा पाट, बाजूला शेगडी, खाली पिठाचा कप्पा. एमआयडीसीतल्या एका फॅब्रिकेटरनं ते बनवून दिलं. गेल्या दिवाळीत ते खोलीत आलं, बायकांनी त्याला हळदकुंकू वाहिलं, मी फोटो काढले आणि पुण्याच्या नोकरीवर निघून गेले. पुढे ते रेखाचित्र माझ्याआधी समुद्रापार पोचलं. फोनवर विचारलं की आत्या म्हणायची, “टेबल ना? छान चाललंय की.”

शुक्रवारी मी पावणेपाचला केंद्रावर पोचले तेव्हा टेबलावर कडक भाकरीच्या चळती होत्या. पाटावर, शेगडीवर, कप्प्यात, सगळीकडे. एका कोपऱ्यात सहा जेवणाचे डबे, वर कुणाची तरी छत्री. आणि सहा बायका जमिनीवर बसून भाकरी थापत होत्या.

आत्यानं माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि लगबगीनं चळती उचलायला घेतल्या.

“आज जरा माल जास्त होता, सिद्दू. नाहीतर रोज त्याच्यावरच असतंय.”

“आत्या, शेगडीवरचा कागद अजून निघालेला नाही.”

बनवणाऱ्यानं लावलेलं ते पारदर्शक वेष्टन उन्हानं पिवळं पडलं होतं. आत्यानं नखानं त्याचा कोपरा उचलला, जणू तेवढ्यानं सहा महिने भरून निघतील.

“किती वाजता पाठवायचंय?”

“सहाला.”

“मग रडतीस काय? दोन मिनिटांचं तर काम.” मी रडत नव्हते. “केराबाई, या इकडं. पदर नीट घ्या. सिद्दू फिल्म काढणार हाय.”

केराबाई भिंतीला हात लावून उठल्या. तो आवाज झाला. त्यांनी पदर खोचला, टेबलापाशी येऊन उभ्या राहिल्या आणि माझ्याकडे पाहून विचारलं, “हसू का नगं, ताई?”

“तुम्ही काम करा फक्त.”

मी मोबाइल समोर धरला. चौकटीत सगळं देखणं होतं: पत्र्याच्या भोकांतून उतरलेल्या उन्हाच्या काड्या, पिठानं पांढरे झालेले हात, पोलादाची स्वच्छ कड. मी रेखाटलं होतं तेच. तिथल्या स्टुडिओचे फोटो मी इतके पाहिले होते की कुठल्या खिडकीतून कुठला कालवा दिसतो हे मला पाठ होतं. त्या खिडक्या आणि मी यांच्यामध्ये आता फक्त दोन मिनिटं होती. एकशेवीस सेकंद केराबाई उभ्या राहिल्या की झालं.

चाळिसाव्या सेकंदाला माझ्या लक्षात आलं की आवाज वेगळा आहे.

मागे पाच जणी बसून थापत होत्या. त्यांचा आवाज खोल, एकसंध होता. खांद्यातून सुटून तळव्यात येणारा, जमिनीनं झेललेला. केराबाईंचा आवाज उथळ होता. वरून वजन उतरायला जागाच नव्हती. सगळी थाप त्या मनगटातून देत होत्या. भाकरी गोल होत नव्हती, कडेला चिरत होती. प्रत्येक थापेला त्यांचा डावा हात नकळत उजव्या मनगटाकडे जाई आणि कॅमेरा आठवून परत येई.

मी मोबाइल खाली घेतला.

“झालं?” आत्यानं विचारलं.

“केराबाई, पहिल्यापासून असंच दुखतं?”

त्यांनी आत्याकडे पाहिलं. आत्या शेगडीचा कागद सोलत राहिली.

“आठ दिस केलं की आमी समद्यांनी,” केराबाई म्हणाल्या. “मनगाट सुजलं. ह्या कमळाचं तर असं झालं की पोराचा गालगुच्चा घ्यायला येईना. मग मालकीण म्हनल्या, ऱ्हाऊ द्या, ताईला सांगू नगा. लई जीव लावून केलंय तिनं.”

“पण मी मापं घेतली होती. कोपराची उंची, हाताची लांबी. प्रत्येकीची.”

“व्हय, घेतली की. आमी उभ्या हुतो.”

“म्हणजे?”

“आवं, तुमी टेप आनि क्यामेरा घिऊन आला. मालकिणीची भाची, शिकलेली. तुमच्याम्होरं ढांग पसरून बसायचं का? आदल्या दिशी इस्तरीची लुगडी आनून ठिवली हुती आमी. फोटोला कोन बसून ऱ्हातंय?”

मागून कुणीतरी हसलं. मग सगळ्याच हसल्या, मऊपणे, जशा त्या सहा महिने मला सांभाळून घेत आल्या होत्या.

माझ्या वहीत सहा बायकांची उंची होती आणि एकही बसलेली बाई नव्हती. डावा गुडघा उभा, उजवा पाय दुमडलेला, परात टाचेशी टेकलेली; ज्या आकारात त्यांचा दिवस जात होता तो आकार मी पाहिलाच नव्हता, कारण मी आत आले की तो उठून उभा राहत होता. आदराचं एक अंतर असतं. त्या अंतरावरून मापं अचूक येतात आणि वस्तू चुकते.

साडेपाचला पाच मिनिटं कमी असताना अप्पा आले, दुकान बंद करून, हातात पेढ्यांचा पुडा. सात रस्त्याजवळ त्यांचं पाण्याच्या पंपांचं दुकान आहे. भर बाजाराच्या वेळी ते शटर ओढतात ही घटना मला पहिल्यांदाच दिसत होती.

“गेलं का पाठवून?”

“नाही, अप्पा.”

मी सांगितलं. त्यांनी पुडा टेबलावर ठेवला, मग काहीतरी वाटून पुन्हा हातात घेतला.

“बरं. मनगट दुखतंय, मान्य. पण दोन मिनिटं उभं राहायला काय हरकत हाय? केराबाईचं काय जातंय?”

“माजं काय न्हाय जात, मालक,” केराबाई म्हणाल्या. “मनगाट तेवढं जातंय.”

अप्पा हसले नाहीत. “सिद्दू, जग असंच चालतं. तिकडं जा, शीक, मग येऊन नवीन टेबल कर. त्यांना पन्नास टेबलं करून दे. पण जायला तर पाहिजे आधी.”

हे बोलणं चुकीचं नव्हतं. म्हणूनच भीती वाटली. पाच वाजून चौतीस मिनिटं. मोबाइलमध्ये ती फिल्म होती, चाळीस सेकंदांची. आणखी ऐंशी जोडले की कालवा, खिडक्या, फ्लेक्सवरचं वाक्य, सगळं खरं. एक खोटं बाकी सगळ्याला खरं करणार होतं.

आणि त्याहून वाईट विचारही मनात आला. हे अपयशच दाखवलं तर? सुजलेलं मनगट, पिवळा कागद, इस्त्रीची लुगडी. शेवटी माझा कबुलीचा आवाज. समितीला ते अधिक आवडलं असतं. मला चौकटी दिसूही लागल्या होत्या. मग कळलं, ती फिल्म काढायची तर केराबाईंना पुन्हा माझ्यासमोर उभं राहावं लागेल.

मी चाळीस सेकंद पुसून टाकले आणि समितीला तीन ओळी लिहिल्या: टेबल वापरात नाही. माझी मोजणी चुकली. या वस्तूच्या आधारावर मी शिष्यवृत्ती घेऊ शकत नाही. अंगठा ‘पाठवा’वर थांबला आणि बराच वेळ खाली गेला नाही. चुलीतला निखारा फुटला. कुणीतरी पीठ मळायला घेतलं. शेवटी मी डोळे न मिटता अंगठा टेकवला.

पाच अठ्ठेचाळीसला अहमदाबादचं पान उघडलं. शेळगीत रेंज पातळ. गोल फिरत राहिला. मी बाहेर रस्त्यावर आले, उन्हात हात उंच करून उभी राहिले. पाच त्रेपन्नला हिरवी खूण आली. आनंद वगैरे काही झाला नाही. एका खोलीतला दिवा मालवून दुसऱ्या खोलीत आल्यावर डोळ्यांना जे होतं, तेवढंच.

परतले तेव्हा अप्पा टेबलाला टेकून उभे होते.

“अहमदाबाद,” मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली. पुड्याची सुतळी बोटाला गुंडाळत राहिले.

“दुकानात पंप परत आला की आपण काय म्हणतो? गिऱ्हाइकानं नीट बसवला नाही.” त्यांनी बोटावरची सुतळी उलगडली. “निम्म्या वेळा तसं नसतं.”

मग आत्याकडे वळून, अगदी वेगळ्या आवाजात, “त्या फ्लेक्सचं काय करायचं गं आता? सात जणांनी फोटो दिलेत.”

“आणा की इकडं. पत्र्यावर टाकू,” आत्या म्हणाली. “दहा फुटी हाय. आत जरा गार होईल.”

अप्पांनी पुडा सोडला आणि पहिला पेढा केराबाईंना दिला, माझ्याकडे न बघता. दुसरा मला देताना त्यांचा हात किंचित रेंगाळला. अजून काही बोलायचं राहिलं होतं. ते घरी, जेवताना, अर्धवट निघणार होतं आणि मला ते ऐकून घ्यावं लागणार होतं.

केराबाई परातीपाशी जाऊन बसल्या होत्या. मी स्कूटरच्या डिकीतून वही आणि टेप काढली. टेप पाहताच त्यांचा हात सवयीनं भिंतीकडे गेला.

“उठू नका,” मी म्हणाले.

“आवं पन—”

“कूडु, केराबाई,” आत्या कानडीत म्हणाली, तिच्या घरातल्या माणसांना बसा म्हणताना म्हणते तसं.

त्यांचा हात खाली आला. मी त्यांच्या समोर जमिनीवर बसले, डावा गुडघा उभा, उजवा पाय दुमडून. फरशी चुलीमुळे तापलेली होती आणि दोन मिनिटांत माझी मांडी भरून आली. टेपचं एक टोक फरशीला लावलं, दुसरं त्यांच्या गुडघ्यापाशी नेलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. उंडा परातीत टाकला आणि थापायला लागल्या, आणि प्रत्येक थापेसरशी टेपवरचा आकडा बोटभर खाली जाऊन वर येत राहिला.

मी दोन्ही आकडे लिहून घेतले.