भिंतीवरचा निळा शब्द

मी 'बर्बर' बोलतोय. हो, तोच शब्द, जो तुम्ही मराठीत क्रूर माणसाला लावता. दमलोय हो आता. दोन-अडीच हजार वर्षं शिवी म्हणून राबणं सोपं नसतं.

माझा जन्म म्हणे कानात झाला. ग्रीकांना परक्यांचं बोलणं कळेना, त्यांना नुसतं 'बर्बर' ऐकू येई. संस्कृतातही मी परक्यांसाठीच. पुढे रोमनांनी उचललं, अरबांनी, फ्रेंचांनी, आणि या अ‍ॅटलस डोंगरातल्या माणसांना मला चिकटवून टाकलं. त्यांना कुणी विचारलंच नाही. ती स्वतःला इमाझिघेन म्हणवतात, म्हणजे स्वतंत्र माणसं.

शेवटी आलो यांच्यातल्याच, घाटरस्त्याकाठी गालिचे विणणाऱ्या इत्तूच्या घराच्या भिंतीवर. तिच्या नवऱ्याने, मोहाने, निळ्या रंगात मोठ्ठं लिहिलं, 'बर्बर गालिचे'. वळणावर गाड्या थांबू लागल्या. इत्तूला वाचता येत नाही. वीस वर्षं ती माझ्याखाली लोकर पिंजत बसली.

परवा शहरात शिकवणारी त्यांची लेक तिझिरी घरी आली आणि चहा पिता पिता तिने आईला माझा अर्थ सांगून टाकला.

"अगं बाई! वीस वर्षं मी शिवीखाली बसलेय?" इत्तू मोहाकडे वळली. "आणि तुम्ही लिहिलीत, तीही हौसेनं!"

"मला तरी कुठे ठाऊक होतं? पण पुसू नकोस हं. तो शब्द बघून गिऱ्हाईक येतं. आपलं नाव लिहिलंस तर काळं कुत्रंही थांबायचं नाही."

"नाही तर नाही! उद्या मी मेले की याच भिंतीपाशी माणसं जमतील. तेव्हा हा माझ्या डोक्यावर नको. ऊठ गं तिझिरी, चुना कालव."

इथल्या बायका गालिचा मागावरून कापताना त्यावर पाणी शिंपडतात. तो जिवंत असतो, कापला की मरतो, असं मानतात. चुना लावायच्या आधी इत्तूने ओंजळभर पाणी माझ्यावर शिंपडलं.

"जा बाबा," ती पुटपुटली. "तुझा तरी काय दोष? आमचं पोट भरलंस."

मला रडूच कोसळलं. इतक्या भाषा हिंडलो, पण मला कुणी कधी निरोप दिला नव्हता.

पहिला हात वाळलाय. निळा रंग हट्टी, मी अजून पुसट दिसतोय. खाली एक गाडी हळू झालीय आणि मोहा आशेने बघतोय. इत्तू, तिकडे बघू नकोस. कुंचला बुडव. आणखी एक हात दे गं, चांगला जाड. मला झोपू दे.