पाटीवरचं नाव

“उद्या तोंड उघडलंस तर बघ,” क्लायबर्न इस्पितळाच्या खाटेवरून म्हणाला. नाकात ऑक्सिजनची नळी, चार शब्दांमागे एक धाप. “पंचवीस वर्षं मी गप्प राहिलो, ते काय तू शेवटी माती करावीस म्हणून?”

एझेल पेटिग्रू त्याच्या उशाशी बसला होता. दोघांनीही मेम्फिस शहराचा कचरा उचलण्यात जन्म घालवला होता. गळकी टोपली डोक्यावर, घाण पाणी मानेवरून पाठीत.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, त्यांच्या चर्चमध्ये पितळी पाटी बसायची होती. अडुसष्ट साली काळ्या कचरा कामगारांनी संप केला, ‘मी माणूस आहे’ असे फलक घेऊन मोर्चे काढले. त्यांच्या पाठीशी उभे राहायला नागरी हक्कांचे पुढारी डॉक्टर किंग आले आणि इथेच गोळीला बळी पडले. त्या संपात उतरलेल्या, चर्चमधल्या सव्वीस जणांची नावं पाटीवर होती. एकोणिसावं एझेलचं.

दोन कामगार गाडीच्या दाबयंत्रात चिरडून मेले तेव्हा एझेलही सगळ्यांबरोबर काम टाकून बाहेर पडला होता. पण चौथ्या आठवड्यात धाकटी लेक न्यूमोनियानं तापली. घरात खायला दाणा नव्हता. एका सकाळी तोंडाला मफलर गुंडाळून तो पोलिसांच्या पहाऱ्यात निघणाऱ्या कचऱ्याच्या गाडीवर कामाला चढला. कोपऱ्यावर फलक घेऊन उभ्या असलेल्या क्लायबर्ननं त्याला ओळखलं, आणि मान फिरवली. दहाएक दिवसांत पोरगी गेली. लोकांना वाटलं, दुःखामुळे मोर्चात दिसत नाही बिचारा.

“पोरगी आजारी होती रे तुझी,” क्लायबर्न म्हणाला.

“पोरं सगळ्यांनाच होती. तुला चार होती.”

“मी आज नाही तर परवा जाणार. मग कोणाला कळणार आहे?”

“तेच तर. तू गेलास की मी कोण ते ठाऊक असलेलं कुणी उरत नाही. मग मी मेल्यावर सगळे त्या पाटीवरच्या माणसालाच पुरतील.”

क्लायबर्ननं डोळे मिटून घेतले. “मूर्ख आहेस,” एवढंच म्हणाला.

रविवारी पास्टर एकेक नाव पुकारत होते. हयात असलेला उठायचा, टाळ्या व्हायच्या. एझेल उठला. शेजारी बसलेली त्याची नात रोशेल सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवत होती. ती शाळेत शिकवायची. आजोबांची गोष्ट तिनं वर्गात कितीदा सांगितली होती.

टाळ्या थांबल्या तरी एझेल बसला नाही.

“मी गाडीवर चढलो होतो,” तो म्हणाला. “संप चालू असताना. अकरा दिवस. पोरगी गेल्यावरसुद्धा तीन दिवस गेलो. ते का, मला अजून कळलेलं नाही.”

कुणीतरी खोकलं. मग पुढच्या बाकावरून अर्डेला उठली. मार्चमधल्या मोर्चात पोलिसाच्या दंडुक्यानं तिच्या नवऱ्याचा डोळा गेला होता.

“तीन आठवडे आमच्या घरी मक्याच्या पिठाची पेज होती, एझेल. नुसतं मीठ घालून. माझ्या पोरांनी तीच खाल्ली.”

“हो, ताई.”

“हो काय म्हणतोस? हो म्हणून काय होतंय आता?”

पास्टर म्हणाले, “भाऊ, काळच तसा होता...”

“माझं नाव काढा, पास्टर.”

“अहो, पितळात कोरलंय ते.”

“मग घासून काढा. मी घासतो.”

रोशेलनं त्याच्या कोटाची बाही धरली. “आजोबा, मी मुलांना काय सांगू आता?” तो काही बोलायच्या आत बाही सोडून ती उठली आणि गाडी आणायला म्हणून निघून गेली. बराच वेळ आली नाही.

एझेल पायऱ्यांखाली उन्हात येऊन उभा राहिला. प्रार्थना संपली, तसे संपातले म्हातारे बाहेर पडू लागले; कुणी काठी टेकत, कुणी लेकाच्या खांद्याला धरून. त्यानं हॅट काढून छातीशी धरली. एक जण क्षणभर थबकला, ओठ हलले, मग पुढे गेला. बाकीचे समोरून तसेच गेले.

शेवटचा म्हातारा गाडीत बसेपर्यंत एझेलनं हॅट डोक्यावर घातली नाही.