पांढऱ्या ट्यूबची रिकामी जागा

नागपूरच्या त्या परीक्षकांचा चेहरा मला आता आठवत नाही, पण त्यांचं वाक्य अक्षरन् अक्षर आठवतं. ते आठवलं की अजूनही माझं डोकं फिरतं. सत्त्याण्णव सालची गोष्ट, मी तेव्हा दहावीत होते.

आम्ही ब्रह्मपुरीचे. माझे अब्बा, जहीर पेंटर, दुकानांच्या पाट्या आणि कापडी बॅनर रंगवायचे. बसस्टँडपासून कॉलेजपर्यंतच्या निम्म्या पाट्या त्यांच्या हातच्या. त्यांच्या कामात पांढरा रंग सगळ्यात शेवटी यायचा. लाल अक्षर वाळलं की त्याच्या कडेनं पांढरी रेघ ओढायची आणि पाटी गिऱ्हाइकाच्या हवाली करायची. कुठे जागा कोरी राहिली तर गिऱ्हाईक म्हणणार, काम अर्धवट सोडलं.

शाळेत नूतनबाई जलरंग शिकवायच्या आणि त्यांचं सगळं याच्या उलट. आधी कागद ओला करा, फळी जराशी तिरपी ठेवा, फिकट रंग वरून खाली उतरू द्या, वाळेपर्यंत गप्प बसा, मग गडद रंग घ्या. पांढरा रंग लावायचाच नाही. जिथे पांढरं हवं तिथे कागद सोडायचा. मुलं ऐकेनात म्हणून बाईंनी सगळ्यांच्या डब्यांतून पांढरी ट्यूब काढून घेतली आणि कपाटात कुलूप लावून ठेवली. तेव्हापासून माझ्या बारा ट्यूबच्या डब्यात एक जागा रिकामी होती. घरी हे सांगावं असं मला कधी वाटलंच नाही.

त्या वर्षी चंद्रपूरला जिल्ह्याची चित्रस्पर्धा होती. पारदर्शक जलरंगाच्या विभागातून एकाच मुलाची नागपूरच्या महिनाभराच्या शिबिरासाठी निवड होणार होती. मला तिथे जायचं होतं, आणि महिनाभर दुसरं काही सुचत नव्हतं. मी रोवणीची बांधी, म्हणजे भातलावणी चाललेलं शेत, काढलं: चिखल, चिखलाच्या पाण्यात उतरलेलं आभाळ, वाकलेल्या बाया आणि त्यांच्या मागे चार बगळे. बगळे म्हणजे नुसता सोडलेला कागद. भोवतीचा रंग ओला असताना त्यांची कड सांभाळायची म्हणजे जीव मुठीत धरावा लागतो. तीन कागद वाया गेले, चौथ्यावर जमलं. बाईंनी बराच वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, "आता हात लावू नकोस."

मी नाही लावला. अब्बांनी लावला.

शनिवारी मी शाळेत असताना त्यांनी चित्र दोन पुठ्ठ्यांमध्ये घालून सुतळीनं बांधून ठेवलं होतं. रविवारी पहिल्या बसनं आम्ही दोघं निघालो. मी ते पुडकं थेट चंद्रपूरच्या हॉलमध्ये, टेबलावर उघडलं आणि हादरलेच. चारही बगळे जाड पांढऱ्या रंगानं भरलेले होते. अब्बांनी पिसंसुद्धा काढली होती.

"अब्बा, हे काय करून ठेवलं?"

"बगळे कोरे राह्यले होते ना, बेटा. डब्यात पाह्यलं तं पांढरी ट्यूबच नाई. मले सांगाचं होतं, आनून देल्ली असती. मंग बॅनरचा पोस्टर कलर होता, तोच लावला."

तुम्हाला यातलं काही कळत नाही तर हात कशाला लावता, असं मी भर हॉलमध्ये त्यांना म्हणाले. आजूबाजूची मुलं बघायला लागली. अब्बा सुतळीची गुंडाळी करत उभे राहिले.

तेवढ्यात परीक्षक आमच्या टेबलाशी आले. त्यांनी चित्र उचललं आणि लगेच खाली ठेवलं. "पारदर्शक विभागात पांढरा रंग? हे चित्र बाद."

"सायब," अब्बा पुढे झाले, "तो पांढरा म्या लावला जी. पोरीचा काई दोष नाई. तिनं जागा सोडली होती."

"तुम्ही काय करता?"

"पेंटर आहो जी. बोर्ड, बॅनर रंगवतो."

"तरीच! पेंटरचा हात लागला की चित्राचा बोर्ड होतो."

सगळा हॉल हसला. शिक्षक हसले, मुलं हसली. आणि अब्बाही हसले, मान खाली घालून.

बोलायचं तेव्हाच होतं. या माणसाच्या हातची सरळ रेघ इथल्या एकालाही जमणार नाही, हे मी सांगायला हवं होतं. मी म्हणाले, "सर, हा रंग पाण्यानं निघतो. खाली चिखलाचा रंग निघाला तर चित्र बाद करा. कोरा कागद निघाला तर माझं खरं."

परीक्षकांनी घड्याळ पाहिलं. "काढून दाखव."

अब्बा धावत जाऊन गिलासात पाणी घेऊन आले. मी ओला ब्रश एका बगळ्यावर अलगद फिरवला, रंग सुटू दिला आणि स्वच्छ फडक्यानं टिपला. पुन्हा ब्रश, पुन्हा फडकं. पाणी दुधासारखं झालं की अब्बा गिलास घेऊन बाहेर जायचे आणि भरून आणायचे. शेवटच्या बगळ्याची मान त्यांनी एकाच फटकाऱ्यात ओढली होती. इतकी डौलदार मान मला आजही जमत नाही. मी तीही पुसली.

खाली कागद कोरा होता. अब्बांनी वाकून पाहिलं.

"हे तं पयलेच पांढरं होतं," ते हळूच म्हणाले.

संध्याकाळी निवड जाहीर झाली. माझं नाव होतं. परतीच्या बसमध्ये सिंदेवाहीच्या आसपास अब्बा म्हणाले, "सायब बराबर बोलले. माह्या हातानं बोर्डच होते." नाई अब्बा, एवढं म्हणायला काय लागत होतं? पण मी निवडीचा कागद चौथ्यांदा वाचत होते.

आता मी गडचिरोलीच्या एका शाळेत चित्रकला शिकवते. मुलांच्या पांढऱ्या ट्यूब मीही काढून घेते, पण त्याच दिवशी घरोघरी चिठ्ठी पाठवते: ट्यूब संपलेली नाही, माझ्याजवळ आहे. परीक्षकांवरचा राग काही जात नाही. आणि जावा असं मला वाटतही नाही. पण त्याहून मोठा राग माझा माझ्यावर आहे. हॉल अब्बांवर हसला, त्यानंतर मी त्यांच्याशी तिथे एकच वाक्य बोलले, तेही तीनदा.

"अब्बा, पाणी बदलून आणा."