केरूची साक्ष

"सरक जरा," भिकाजी म्हणाला आणि केरू खिडकीकडे सरकला.

झालं! आरोपी आणि फिर्यादी एकाच बाकावर. पाष्टेवाडीतून सकाळी रत्नागिरीला जाणारी गाडी एकच, रात्री वस्तीला येणारी. भांडलेल्या भावांसाठी एसटी काही वेगळी गाडी सोडत नाही. पहिल्या तारखांना एक जण ड्रायव्हरच्या मागे बसायचा आणि दुसरा पार शेवटच्या बाकावर हादरे खात. शिमग्यापासून मात्र दोघे एकत्र बसत होते.

"तुझ्या वैनीनं भाकरी दिलीय, दोघांची," भिकाजीने पिशवी मांडीवर घेतली. "मालन कशी हाय?"

"दिवस भरलेत."

"हं," भिकाजी म्हणाला आणि बाहेर बघत राहिला.

 आज केरूची साक्ष होती.

भांडण ते काय, तर गडग्याचं. बापूस गेल्यावर जमिनीची वाटणी तोंडीच झाली आणि मधल्या दगडी गडग्यावरचा फणस कोणाचा, हे बोलायचं राहून गेलं. केरूने गुपचूप गडगा हातभर पलीकडे रचला आणि फणस आपल्यात घेतला. भिकाजी चिरे काढायला आला तो कोयती घेऊनच. शिव्या देता देता दोघे आईबापावर गेले. अहो, आईबाप दोघांचे एकच, तरी गेले! मग कोयती उठली, केरूने हात आडवा धरला आणि उजव्या हाताची दोन बोटं चिऱ्यांवर पडली. झाडावर चढून आंबे उतरवणं हा त्याचा धंदा, तो त्याच दिवशी बुडाला. हॉस्पिटलात पोलीस आले तेव्हा त्याने रागाच्या भरात सगळं सांगून टाकलं आणि खाली डावा अंगठा उठवला.

त्या अंगठ्याची आता त्याला लाज वाटत होती. यंदा, चौऱ्याऐंशीच्या शिमग्यात देवाची पालखी त्यांच्या अंगणात आली आणि मानकरी अडून बसले. दोघा भावांनी खांदा दिल्याशिवाय पालखी नाचायची नाही. दोघांनी खांदा दिला, आणि पालखी खाली ठेवून लहान पोरांसारखे रडले. गडगा पुन्हा सरळ झाला, येण्याजाण्यापुरती त्यात वाट पाडली, फणसाची फळं निम्मी निम्मी ठरली. गावात मिटलं.

कोर्टात मात्र मिटेना. "ही केस आता तुमची नाही, सरकारची आहे," भिकाजीचे वकील लिमये म्हणाले. "तुम्ही मिटवून मिटत नाही. केरू, तुम्ही एवढंच सांगायचं, झाडावरून पडलो आणि माझीच कोयती मला लागली. मग भिकाजी सुटलेच म्हणून समजा. नाहीतर तुरुंग."

केरूने मान डोलावली होती. पण आज निघताना मालन दारात आडवी उभी राहिली. "देवाची शपथ घेऊन खोटं बोलणार तुम्ही? माझी दोन पोरं गेली, ती पण पाळण्यात. आता हे एक हाय. देव बघत नसंल काय?"

"मग काय दादाला आत घालू?"

 ती पोटावर दोन्ही हात ठेवून बाजूला झाली. बोलली असती तर बरं झालं असतं, असं केरूला वाटेभर वाटत राहिलं. खरं सांगितलं तर भाऊ जाणार, खोटं सांगितलं तर पोर. आणि एसटी आपली घाट उतरत होती.

कोर्टात पुकारा झाला. केरू पिंजऱ्यात चढला. समोर टेबलावर ती कोयती होती, चिठ्ठी बांधलेली, गंज चढलेली.

"म्हणा," कारकून म्हणाला, "देवाची शपथ घेऊन खरं सांगेन."

केरू कोयतीकडे बघत म्हणू लागला, "देवाची..."

"थांबा सायब!"

भिकाजी उठून उभा राहिला होता. न्यायाधीश म्हणाले, "तुमच्या वतीने वकील बोलतील."

"वकील काय बोलणार? ते व्हते काय तितं?" मागे कोणीतरी हसलं. भिकाजी हसला नाही. "त्याला शपथ घालू नका. त्याच्या घरात बाळंतपण आलाय. काय घालायची ती मला घाला."

"आरोपीला शपथ देत नाहीत."

"मग तर बराच झाला. बिनशपथेचा खरा सांगतो. मी मारली. कोयती माझीच हाय."

लिमये वकील त्याची बाही ओढत होते. केरू पिंजऱ्यातूनच ओरडला, "दादा, गप ना रे!" न्यायाधीशांनी चष्मा काढला. शिक्षा होईल हे कळतंय का, कोणी धाक घातलाय का, सगळं त्यांनी दोनदा विचारलं.

"मला कोण धाक घालणार? मीच थोरला," भिकाजी म्हणाला.

दुपारनंतर दीड वर्षाची शिक्षा झाली. पोलीस न्यायला आले तेव्हा त्याने पिशवी केरूकडे दिली. "भाकरी तशीच ऱ्हायली. खाऊन घे. आणि फणस पिकलाय, वैनीला एकटीला काय उतरवता यायचा नाय, तू जरा..." बोलता बोलता त्याची नजर केरूच्या हातावर गेली. "कुणाला तरी सांग," तो हळूच म्हणाला आणि पोलिसांच्या पुढे चालू लागला.

संध्याकाळच्या गाडीत केरूने पिशवी सोडली नाही, भाकरीला हातही लावला नाही. गाडी वाडीत थांबली तेव्हा गोदावैनी थांब्यावर उभी होती, भिकाजीची बायको.

"किती उशीर! मालनला दुपारपासनं कळा येतायत. सुईण बसलीय. चल, चल."

बोलताना ती त्याच्या खांद्यावरून गाडीच्या दाराकडे बघत होती. मागची माणसं उतरली. कंडक्टर उतरला. ड्रायव्हरने दिवे मालवले आणि तोही उतरला.

"वैनी..." केरूला पुढे बोलवेना.

तिने त्याच्या हातातून पिशवी घेतली. वजनावरूनच तिला कळलं, दोघांचीही भाकरी तशीच होती. तिने पदर तोंडाला लावला.

"मागनं सांग," ती म्हणाली. "चुलीवर पाणी ठेवून आलेय मी."

आणि गडग्यात पाडलेल्या वाटेने ती त्याच्या आधी त्याच्या घरात शिरली.