श्रावणातला मासळीचा वास

हौसाच्या पडवीत पाय ठेवायला जागा नव्हती. बायका ओटीचं सामान घेऊन ओळीनं उभ्या, पुरुष बाहेर छत्र्या धरून. आत पाटावर हौसाची एकवीस वर्षांची मुलगी मनस्वी मान खाली घालून बसली होती. एकेक बाई पुढे व्हायची, नारळ ठेवायची, मनस्वीच्या खांद्याशी वाकून वास घ्यायची आणि डोळे मिटून हात जोडायची. वास मासळीचा होता. श्रावण लागून बारा दिवस झाले होते, गावात एकाही चुलीवर मासा चढला नव्हता, आणि या पोरीच्या अंगाला मात्र खाडीतून आत्ता काढलेल्या मासळीचा वास. त्यात दोनदा ती घेरी येऊन पडली. खाडीची देवीच अंगात आली, असं गावाचं ठरून गेलं होतं.

मी पेणला रामवाडीत राहतो. शाळेत विज्ञान शिकवायचो, आता निवृत्त. नारळातून निघणारं कुंकू, जिभेवर जळणारा कापूर, हे बाबांचे खेळ वीस वर्षं गावोगाव उघडे करून दाखवले. खरं सांगतो, आता कंटाळा आलाय. लोक टाळ्या वाजवतात, चहा पाजतात आणि आठवड्यानं दुसऱ्या बाबाच्या रांगेत दिसतात. याही वेळी गेलो नसतो. पण फोन खुद्द मनस्वीचा होता, आणि ती माझी विद्यार्थिनी. म्हणाली, "सर, दिवसातून चार वेळा आंघोळ करते तरी वास जात नाय. दहा दिवसांनी अलिबागला माझं ग्राउंड हाय." ग्राउंड म्हणजे पोलीस भरतीची मैदानी चाचणी. त्यासाठी दोन वर्षं ही मुलगी पहाटे उठून खाडीच्या बांधावर धावत होती.

हल्लीचे बाबा भगवं घालत नाहीत. मनस्वीच्या पाटाशेजारी उभ्या हितेश सरांच्या अंगात कडक इस्त्रीचा टी-शर्ट होता आणि छातीवर 'मेमरी कोच' असा बिल्ला. रोह्याजवळच्या अष्टमी गावापासून पेणपर्यंत त्यांचे वर्ग चालत आणि वर्गात 'मेधाबल' नावाची पावडर खपे. स्मरणशक्ती दुप्पट, दम तिप्पट. मनस्वी मे महिन्यापासून ती घेत होती. आधी रोज दोन चमचे. श्रावण लागताच वासाची तक्रार केली तर सर म्हणाले, मेंदूतला गंज घामावाटे निघतोय, आठ चमचे घ्या. गावात देवीची बोलणी सुरू झाल्यावर सरांनी तेवढ्याच सफाईनं सांगितलं, की विज्ञान जिथे थकतं तिथून देवी पुढे नेते. अशा माणसाची मला चीड येत नाही, नुसता थकवा येतो.

मी सोबत वैशालीला आणलं होतं. तीही माझीच विद्यार्थिनी, रोह्याला डॉक्टर आहे. तिनं गुपचूप मनस्वीचा रक्तदाब मोजला आणि माझ्याकडे बघून मान हलवली. फारच खाली होता.

तेवढ्यात हितेश सरांनी खेळ मांडला. मनस्वीचे वडील केरूभाऊ, जन्म मिठागरात गेलेला माणूस, त्यांना हात आडवा धरायला लावला आणि मनगटावर दाब दिला. हात खाली आला. मग जिभेवर चिमूटभर पावडर ठेवली, पुन्हा दाब दिला. हात हलेना. पडवीत कुजबूज झाली.

मी म्हटलं, "आता मी करतो." चिमूटभर तांदळाचं पीठ मागवलं, केरूभाऊंच्या जिभेवर ठेवलं आणि हात दाबला. हात हलला नाही. लोक गोंधळले. सर हसून म्हणाले, देवीच्या घरात पीठही प्रसाद होतं.

तेव्हा हौसा उठली. सगळा वेळ ती माझ्या हाताकडे बघत होती.

"तुमी कोपराजवल दाबलाव," ती म्हणाली. "त्यांनीपन दुसऱ्या टायमाला कोपराजवलच दाबला. मिठाची फळी टोकाला धरली तर जड जाते, जवल धरली तर हलकी. यात पावडरीचा काय काम?"

मिठागरात लांब दांड्याच्या फळीनं मीठ ओढून जिचे खांदे झिजले, तिला तरफेचा नियम मी काय शिकवणार? मला त्या क्षणी फार बरं वाटलं.

पण वासाचं काय, हा प्रश्न उरलाच. वैशालीनं पावडरीचा डबा हातात घेतला आणि त्यावरचं लेबल वाचून सांगितलं. पावडरीत कोलीन नावाचं पोषकद्रव्य होतं. अंडी, मासे, सोयाबीन यांत असतं, शरीराला लागतं, गरोदर बाईला तर जास्त लागतं. पण नीट जेवणाऱ्या तरण्या माणसाची बुद्धी किंवा दम चमच्यांनी वाढतो, याला भक्कम पुरावा नाही. मोठ्या माणसानं दिवसाला साडेतीन ग्रॅमच्या वर जाऊ नये. मनस्वीच्या पोटात त्याच्या तिप्पट जात होतं. जास्तीच्या कोलीनपासून आतड्यातले जंतू एक वायू बनवतात, त्याला सडक्या मासळीचा वास असतो. तो घामातून येतो. शिवाय रक्तदाब उतरतो, म्हणून घेरी.

"मग वास मे महिन्यापासून का नाय आला?" कोणीतरी विचारलं.

"थोडाफार आला असणार," मी म्हटलं. "पण गटारीपर्यंत तुमच्या सगळ्यांच्याच घरात मासळी शिजत होती. कोणाला कळणार?"

वैशालीनं सांगितलं, आठवडाभर पावडर बंद करू. वास देवीचा असेल तर राहील, पावडरीचा असेल तर जाईल. हौसाचा चेहरा उतरला. तरफ कळली तरी देवीच्या कोपाची भीती तिच्या मनातून जाईना. बंद केलं आणि पोरीला काही झालं तर, असं ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. तेव्हा मनस्वी पाटावरून उठली.

"आये, मला देवी व्हायचा नाय. पोलीस व्हायचाय."

तिनं डबा परसात नेऊन ओतला. हितेश सर तोवर गाडीला किक मारत होते.

सहाव्या दिवशी मी पुन्हा गेलो. वास गेला होता, घेरीही थांबली होती. चमत्कार बघायला अख्खा गाव आला होता; तो विरलेला बघायला मी आणि हौसा, दोघंच होतो. मनस्वी अलिबागला आठशे मीटर धावली, मैदानात पास झाली. लेखी परीक्षा अजून बाकी आहे, तिला अभ्यासच लागेल. हितेश सर आता निडी गावात वर्ग घेतात असं ऐकतो, आणि वर्ग भरलेले असतात.

म्हणून थकलो असलो तरी एवढं सांगतो. पोरीला घेरी आली तर आधी तिला आडवं करा, शुद्धीवर आली की पाणी द्या, काय खाल्लं ते विचारा, दवाखान्यात न्या. पाया पडायचंच असेल तर नंतर पडा. देवी थांबेल. रक्तदाब थांबत नाही.